पैसे पाठवण्याचं कारण

बँकेतल्या बाईनं पडद्याचा कोन गोटीकडे वळवला आणि एका ओळीवर पेन्सिलीचं टोक टेकवलं.

"याचा अर्थ मला नीट समजावून सांगाल?"

ओळ मराठीत होती. खाली बँकेच्या यंत्रानं आपल्या अकलेप्रमाणे केलेलं भाषांतर होतं. गोटीला भाषांतर वाचायची गरजच पडली नाही. वरची ओळ नजरेला पडली मात्र, तिच्या कानात थोरल्या काकांचा घोगरा आवाज घुमला : "तुझ्या बापाला कळता कामा नये."

"हे माझे थोरले काका," गोटी म्हणाली.

"आणि हे?" पेन्सिल खाली सरकली. "'यांना बोलू नकोस. पोटभर खात जा.'"

"ही काकू. त्याच काकांची बायको. 'यांना' म्हणजे नवऱ्याला."

"हे?"

"'कुणाला म्हणजे कुणालाच नाही.' ही आत्या."

बाईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाई वयानं आईएवढी, चेहऱ्यानं प्रेमळ. पण प्रेमळ माणसानं नियमाच्या खुर्चीत बसल्यावर जी पंचाईत होते ती तिची झाली होती. "गेल्या काही महिन्यांत वेगवेगळी माणसं तुमच्या खात्यात पैसे टाकतात. प्रत्येक जण गुप्तता पाळायला सांगतो. निदान दोघं तरी एका 'बापा'ला घाबरून आहेत. आमच्या तपास विभागाचा प्रश्न साधा आहे. हा बाप कोण?"

"माझे वडील. चष्म्याचे नंबर काढतात."

बाईनं तेही टिपून घेतलं.

आता झालं होतं ते असं. पैसे पाठवताना फोनवर एक चौकट येते : पाठवण्याचं कारण. साऱ्या जगात माणसं तिथं 'शिक्षण' किंवा 'घरखर्च' एवढं लिहून मोकळी होतात. पण गोटीच्या घरच्यांना वाटलं, पोरीला चार शब्द लिहायला ही जागा दिली आहे. डब्याच्या झाकणाखाली चिठ्ठी सरकवावी तशी प्रत्येकानं आपली चिठ्ठी त्या चौकटीत सरकवली, आणि आपली चिठ्ठी पोरगीच वाचणार अशा विश्वासानं सगळे सुखानं झोपी गेले. ती वाचली बँकेनं. परवा सकाळी गोटी अर्ध्या किमतीतला पाव घ्यायला दुकानात उभी असताना कार्ड चालेना. पाव परत फळीवर ठेवून ती बँकेत आली, तेव्हा कळलं की खातं गोठवलंय, आणि चौकशीसाठी आजची वेळ मिळाली.

पावाचं एक वेळ निभलं असतं. तिच्या खोलीत भाड्यात भागीदार असलेली मुलगी भली होती, तिनं आपला डबा पुढे केला. पण विद्यापीठाचा हप्ता त्या खात्यात अडकला होता, आणि भरायचा शेवटचा दिवस आज होता. आज फी-खिडकी बंद होईपर्यंत पैसे गेले नाहीत तर पटावरून नाव जाणार. आणि नाव गेलं की या देशात राहायची परवानगीही त्याच्या मागोमाग जाणार. भिंगांचं शास्त्र शिकायला आलेली पोर भिंगासकट घरी.

"उपाय आहे," बाई म्हणाली. "पैसे पाठवणाऱ्या सगळ्यांनी एकत्र, एकाच वेळी पडद्यावर यायचं. ओळखपत्र दाखवायचं. नातं सांगायचं. आणि प्रत्येकानं स्पष्ट बोलायचं की ही रक्कम भेट आहे, कर्ज नाही. कर्ज असेल तर वेगळी कागदपत्रं, वेगळा विभाग. त्याला आठवडे लागतात."

"सगळ्यांनी एकत्र?" गोटीनं विचारलं.

"एका चौकटीत. म्हणजे कुणी कुणापासून काही लपवत नाही हे आम्हाला दिसेल."

देवानं परीक्षा घ्यायची ठरवली की पेपर मोठा नेमका काढतो. सगळं जमलं असतं. या दोन भावांना एका चौकटीत आणणं तेवढं जमण्यातलं नव्हतं.

वाटणीपासून बाबा आणि थोरले काका एकमेकांशी बोलत नव्हते. दुकान एकच होतं, मधोमध फळ्यांची भिंत आली. नंबर काढायची खोली आणि यंत्रं बाबांकडे गेली. फ्रेमा, काचा आणि रस्त्याकडचं काचेचं कपाट काकांकडे. तेव्हापासून गिऱ्हाईक बाबांकडे नंबर काढायचं, चिठ्ठी घेऊन बाहेर पडायचं आणि चार पावलं चालून काकांकडे फ्रेम निवडायला शिरायचं. एकाशिवाय दुसऱ्याचं पान हलत नव्हतं, पण बोलणं सगळं गिऱ्हाइकाच्या तोंडून. "आजोबा, पलीकडे सांगा, डाव्या डोळ्याची काच मागच्यासारखी तिरकी बसवू नका." आणि आजोबा बिचारे इमानानं सांगायचे.

निघताना बाबांनी गोटीला एकच अट घातली होती : पलीकडचा पैसा घ्यायचा नाही. गोटीनं मान हलवली होती. मग इथं येऊन पोचली, घरमालकानं खोलीची अनामत आगाऊ मागितली, वाचनालयातल्या कामाचा पगार महिना भरल्याशिवाय मिळेना, आणि एका सकाळी थोरल्या काकांचे पैसे न मागता येऊन पडले. खाते क्रमांक त्यांना कुणी दिला? आईनं काकूला दिला. भिंत दुकानात होती. जावांच्या बोलण्यात कुणी घातली नव्हती.

गोटीनं ते पैसे ठेवून घेतले. दुसऱ्यांदा आले तेही ठेवून घेतले. आणि दर रविवारी बाबांशी बोलताना "भागतंय ना?" याला "भागतंय" म्हणत आली.

तिनं फोन लावला तो आत्याला. आत्या दोन्ही भावांची मोठी बहीण, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. आजही दोघं भाऊ तिच्यासमोर उभे राहिले की हाताची घडी आपोआप घालायचे. तिनं सगळं ऐकून घेतलं, "हं" म्हणाली आणि फोन ठेवला. पुढच्या तासाभरात तिनं काय केलं ते तिलाच ठाऊक. पण बाईच्या टेबलावर, पेनांच्या डब्याला टेकवलेल्या गोटीच्या फोनवर जेव्हा चित्र उमटलं, तेव्हा त्यात बाबांची नंबर काढायची खोली होती, मागं भिंतीवर उतरत्या अक्षरांचा तक्ता होता आणि तक्त्यापुढं सगळं घर एका बाकावर दाटीवाटीनं बसलं होतं. अगदी कडेला, निम्मा कान आणि एक मिशी एवढेच थोरले काका दिसत होते.

"हे संभाषण नोंदवलं जाईल," बाई म्हणाली. "भाषांतर तुम्हीच करा, पण आमचा माणूस नंतर तपासेल. एक शब्दही फिरवू नका."

गोटीनं तसं सांगितलं.

"ऐकलंत ना?" आत्या सगळ्यांना म्हणाली. "एक शब्द फिरवायचा नाही. आणि मधे मधे बोलायचं नाही."

"आम्ही कुठं बोलतोय?" आई म्हणाली.

"हेच. हेच मधे बोलणं."

ओळखपत्रं दाखवायची वेळ आली. काकूनं आपलं कार्ड कॅमेऱ्याला असं चिकटवलं की बाईला नुसता पिवळा ढग दिसला. लगेच बाबांच्यातला नंबर काढणारा जागा झाला. "वहिनी, हात लांब करा. आणखी. आता सावकाश जवळ आणा. आणा... आता स्पष्ट? की आधी स्पष्ट होतं?"

"मला काय विचारता भावजी, बघणार त्या आहेत."

बाई हसली. नियमाच्या खुर्चीत बसूनही हसली. मग कडेच्या मिशीकडे बोट दाखवून म्हणाली, "ते गृहस्थ पूर्ण दिसायला हवेत."

गोटीनं सांगितलं. बाबांनी समोर बघतच आत्याला म्हटलं, "ताई, त्यांना सांग, आत सरका म्हणावं."

"मी काय गिऱ्हाईक आहे का निरोप न्यायला? तुझं तू सांग."

बाबांनी घसा खाकरला आणि छताला उद्देशून बोलले. "ज्यांना दिसायचं असेल त्यांनी सरकावं."

"ज्यांच्या खोलीत जागा नाही त्यांनी जागा करावी," मिशी म्हणाली.

काकूनं दोघांच्या मधून उठून नवऱ्याला दंडाला धरून आत ओढलं आणि स्वतः टोकाला जाऊन बसली. दोन्ही भावांचे खांदे एकमेकांना टेकले. दोघंही ताठ झाले.

"आता मी नोंदी वाचते," बाई म्हणाली. "ज्याची नोंद त्यानं हात वर करायचा."

गोटीनं डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, कीर्तनात कथेकऱ्यानं एकेका पापाचं नाव घ्यावं आणि समोरच्या श्रोत्यांनी उठून उठून कबूल व्हावं, तसं हे होणार.

"'बाबांना सांगू नकोस. रोज दूध घे.'"

आईनं हात वर केला. बाबांची मान गर्रकन वळली. "तू?"

"शिकवणीचे पैसे आहेत माझे. तुमच्या गल्ल्याला हात लावला नाही."

"'यांना बोलू नकोस. पोटभर खात जा.'"

काकूचा हात वर. थोरले काका वळले. "म्हणजे भिशी बुडाली म्हणालीस ती...?"

"बुडाली नाही. पोचली."

"'कुणाला म्हणजे कुणालाच नाही.'"

"मी," आत्या म्हणाली. "आणि माझ्याकडे कुणी वळायचं नाही."

कुणी वळलं नाही.

"'तुझ्या बापाला कळता कामा नये.' दोन वेळा."

थोरल्या काकांचा हात सावकाश वर गेला. वर जाताना बाबांच्या कोपराला घासून गेला. बाबा वळले नाहीत. ते पडद्यातून थेट गोटीकडे बघत राहिले. आणि समुद्रापलीकडून आलेल्या त्या नजरेखाली गोटीला खुर्चीत कुठं बसावं ते समजेना.

"दोनदा, गोटी?"

"हो बाबा."

"मी काय सांगितलं होतं?"

"आणखी एक नोंद आहे," बाई मधेच म्हणाली. "'आईला सांगू नकोस. कोट चांगला घे, स्वस्तातला घेऊ नकोस.'"

हात वर होईना.

"कुणाची आहे?" आईनं विचारलं. मग तिनं नवऱ्याच्या कानांकडे पाहिलं. खोटं सापडलं की बाबांचे कान आधी लाल व्हायचे. "अगं बाई! आणि मला म्हणाला होतात, नव्या यंत्राचा हप्ता वाढलाय!"

काकू पदरात हसली. थोरल्या काकांची मिशीही जरा हलली, पण त्यांनी ती जागच्या जागी आवरली. गोटीनं इमानानं सगळं भाषांतर करून सांगितलं. यंत्राच्या हप्त्यासकट.

"समजलं," बाई म्हणाली. "तुमच्याकडे सगळेच सगळ्यांपासून लपवतात, आणि लपवतात ते हेच. आता शेवटचं. प्रत्येकानं म्हणायचं : ही भेट आहे, मी परत मागणार नाही."

आई म्हणाली. काकू म्हणाली. आत्यानं तर व्याख्या द्यावी तसं खणखणीत म्हटलं. थोरले काका म्हणाले, "भेट आहे. परत मागायला मी काय सावकार आहे?"

"नाही," बाबा म्हणाले.

"काय नाही?" आत्या.

"पलीकडची रक्कम भेट नाही. कर्ज आहे. मी फेडणार. पै न् पै. त्यांच्याकडून मी भेट घेत नाही."

गोटी फोनवर वाकली. "बाबा, कर्ज म्हणालात तर आज खातं उघडणार नाही. फीची खिडकी बंद होईल."

"मग खोटं बोलू? तुझी बाईच म्हणते ना, एक शब्द फिरवू नका?"

"काय म्हणतायत?" बाईनं विचारलं.

गोटीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि जे होतं ते सांगितलं. बाईनं पेन्सिल खाली ठेवली. तो ठेवण्याचा आवाज गोटीला फार मोठा ऐकू आला.

"ऐका," थोरले काका पहिल्यांदा सरळ बोलले. पण तेही फोनकडे बघून. "गोटी, यांना सांग, मी यांना दिलेच नाहीत. मी तुला दिले."

"गोटी, त्यांना सांग, मुलगी माझी आहे."

"गोटी, त्यांना विचार, मग मी कोण आहे?"

"गोटी, त्यांना सांग..."

"मी सांगणार नाही!" गोटी ओरडली. बँकेतली दोन-तीन माणसं वळून बघायला लागली. तिनं आवाज खाली आणला. "मी गिऱ्हाईक नाही तुमचं. आणि तुम्ही भांडू नका, मुळात हे कुणाचं कर्ज असेल तर ते माझं आहे. अनामत मला द्यायची होती, तुम्हाला नाही बाबा. मी घेतले, मी वापरले. मी ठरवलंय, नोकरी लागली की सगळ्यांचे परत करणार. तुमचे, आईचे, काकूचे, आत्याचे, काकांचे. सगळ्यांचे. व्याजासकट."

"काय म्हणालात?" बाईनं विचारलं.

आपण काय बोलून बसलो ते गोटीला आता उमगलं. एक शब्द फिरवायचा नव्हता. तिनं स्वतःचंच वाक्य स्वतःच्याच तोंडानं पुन्हा सांगितलं. व्याजासकट.

"म्हणजे सगळंच कर्ज," बाई हळूच म्हणाली. तिलाही वाईट वाटलेलं दिसत होतं.

पण तिकडे त्या बाकावर भलतंच घडलं होतं. इतका वेळ ताठ बसलेले बाबा फोनवर झेपावलेच.

"व्याज? काय म्हणालीस, व्याज? आम्हाला? घरातल्या माणसांना तू व्याज देणार? एवढी मोठी झालीस? चार महिने परदेशात राहिलीस तर आम्ही परके झालो? दादा, ऐकलंस का? ऐकतोयस ना ही काय बोलते ते? सांग हिला काहीतरी!"

"ऐकतोय ना!" थोरले काका तेवढ्याच तावातावानं पुढे झुकले. "गोटे, तुला खांद्यावर घेऊन दुकानात बसवायचो मी. गल्ल्यातली नाणी तोंडात घालायचीस, ती बोट घालून काढायचो. त्याचं व्याज किती लावलंयस ते सांग आधी!"

"छोटी होती तेव्हा किती गोड होती," काकू म्हणाली.

"शिकून शहाणी झाली ना आता," आईनं पदर खोचला. "परत करते म्हणे. दूध प्यायला दिलेले पैसे परत करते म्हणे!"

"गणितात हिला कच्चंच ठेवायला हवं होतं," आत्या म्हणाली.

मग कोण काय बोलतंय ते कळेनासं झालं. एकानं ओळ उचलावी, बाकीच्यांनी तीच वरच्या पट्टीत धरावी, तसा तो गजर चढत गेला आणि त्याचं धृपद एकच होतं : एक पैसा घेणार नाही! तुझ्याकडून? एक पैसा घेणार नाही! दोन्ही भावांची तोंडं पडद्यावर एकमेकांना चिकटली होती, दोघांची बोटं एकाच वेळी गोटीवर रोखलेली होती, आणि आपण कुणाच्या खांद्यावर रेललो आहोत याचं भान दोघांनाही राहिलं नव्हतं.

बाईनं खुर्ची मागं सरकवली. "हे काय चाललंय? भांडण?"

"नाही," गोटी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं. "ते म्हणतायत, भेट आहे."

"सगळे?"

"सगळे."

"ते वडील? ते तर कर्ज म्हणत होते."

गोटीनं फोनकडे तोंड केलं. "बाबा! बाबा, ऐका. बाई विचारतायत. काकांची रक्कम. तुमच्या तोंडून हवंय."

गजर थांबला. बाबांनी शेजारी पाहिलं. इतक्या जवळून त्यांनी भावाचा चेहरा पुष्कळ दिवसांत पाहिला नव्हता. धंद्याच्या सवयीनं ते डोळ्यांतच बघत राहिले.

"तुला जवळचं दिसत नाही नीट," ते म्हणाले. "किती दिवस झाले?"

"विषय बदलू नकोस, छोट्या," थोरले काका म्हणाले. "पोरीची खिडकी बंद होईल."

बाबा पुढे वळले. "भेट आहे," ते म्हणाले. "दादानं माझ्या मुलीला दिलेली. मी फेडणार नाही." आणि एक क्षण थांबून, अक्षर न् अक्षर सुटं करत, जणू तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतायत तसं, "फेडता येणार नाही."

गोटीनं ते भाषांतर केलं. शेवटच्या वाक्याला तिला जरा वेळ लागला, पण फिरवलं नाही.

"आणि तुम्ही?" बाईनं गोटीला विचारलं. "घेणाऱ्याचंही म्हणणं लागतं. व्याज मागे घेता?"

"घेते."

बाकावरून एकदम सुस्कारा आला. बाईनं कुठलीशी कळ दाबली, मग दुसरी, मग पडद्याकडे बघून मान हलवली. "खातं खुलं. पळा."

गोटी पळाली. बँकेच्या पायऱ्या, रस्ता, विद्यापीठाचं फाटक, ते लांबच लांब व्हरांडे. फी-खिडकीतला माणूस शटरची दोरी हातात धरून उभा होता, त्यानं तिचा चेहरा पाहून दोरी सोडली. पैसे गेले. छापील पावती यंत्रातून कुरकुरत बाहेर आली.

ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली, धाप लागलेली. तेव्हा तिला कळलं की मुठीतला फोन अजून चालूच आहे. पडद्यावर आई, काकू, आत्या नव्हत्या. उठून आत गेल्या असाव्यात. नुसते दोन भाऊ होते, शेजारी शेजारी, तिची वाट बघत.

"भरली?" दोघांनी एकदम विचारलं.

तिनं पावती कॅमेऱ्यापुढे धरली.

"लांब धर," बाबा म्हणाले. "हं. दिसलं. जपून ठेव ती. दोन प्रती काढ."

"तिला काय सांगतोस? कळतं तिला."

"कळतं म्हणून तर दोनदा पैसे घेतले तुझ्याकडून. तू मधे बोलू नकोस."

"मी मधे कुठं आहे? शेजारी बसलोय."

"मग शेजारी गप्प बस. आणि उद्या सकाळी ये, डोळे तपासून घे. त्या चष्म्यानं गिऱ्हाइकाला फ्रेम तिरकी बसवतोस ती उगाच नाही."

"तिरकी तुझ्या नंबरामुळं बसते."

"माझ्या नंबरामुळं? काय बोलतोस?"

"खरं तेच बोलतो. आहे ना तो तक्ता मागं. इथूनच वाचून दाखवतो तुला."

आणि पडद्यावर पाठमोरे दोघं तक्त्याकडे वळले. गोटीला बराच वेळ कुणी काही विचारलं नाही, आणि तिनंही फोन ठेवला नाही.